चाकांखालचे उंबरे

"बघलंस? परत सकल धावलां!"

कमलाक्षीवयनीने तव्यावर ओतलेलं घावन खाली, विहिरीच्या अंगाला सरकलं होतं. एक कड भाकरीएवढी जाड, दुसरी करपून काळी. तिने ते उलथण्याने सोडवलं आणि मधोमध तोडलं.

"जाड तू खा, बाय. करपलेला माका."

मी तिची धाकटी नणंद. दसऱ्याच्या आधी साखळीहून तिच्याकडे राहायला आले होते. तिच्याकडे म्हणजे बसमध्ये. माझा भाऊ शंभू तुयेच्या कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करायचा, ती ही छोटी बस. कारखान्याने नवी घेतली तेव्हा जुनी त्याने स्वतःला ठेवून घेतली. बाकं काढली, पलंग ठोकला, शेगडीला कट्टा केला, जनेलांना वयनीच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. दोघं तिच्यातून गोकर्णाला गेली, कोल्हापूरला गेली, एकदा तर थेट हंपीला. पुढे शंभूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्याने वयनीला मोपाच्या सड्यावर नेऊन गाडी शिकवली. तेव्हा सडा म्हणजे नुसतं गवत आणि वारा. आपटायचं तर कशावर आपटणार? आता तिथे विमानं उतरतात.

शंभू गेला, त्यानंतर दोन वर्षांनी चवथीच्या सुमारास आमचं मातीचं घर बसलं. हो, बसलंच. आवाजसुद्धा फारसा झाला नाही म्हणे. जमीन भाटकाराची, आम्ही तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मुंडकार. घर पुन्हा उभारायला त्याची संमती हवी होती आणि ती तो देत नव्हता. दावा कोर्टात होता. वयनीने जागा सोडली की जागा गेली, असं गावात जो तो सांगे. म्हणून तिने माती बाजूला करवली आणि जिथे घर होतं तिथेच बस आणून उभी केली.

तिची मुलगी तारा म्हापशाहून न्यायला आली होती. तिला वयनी म्हणाली, "घर बांदूक मना आसा. गाडी ठेवूक कोणी मना केल्यान नाय."

पण ती जागा विहिरीकडे उतरती. बसचं नाक खाली, शेपटी वर. रात्री उशी पायाशी जाई, फळीवरचे डबे एकमेकांना ढकलत पुढे येत, कपाटाचं दार आपोआप उघडे. शंभू असताना हा त्रास नव्हता. कुठेही मुक्काम केला की तो आधी परातीत पाणी ओतायचा, बसच्या मधोमध ठेवायचा आणि पाणी जिकडे झुकेल तिकडच्या चाकांखाली माडाच्या फळ्या सरकवून बस त्यांच्यावर चढवायचा. चारही कडांना पाणी सारखं आलं की म्हणायचा, "आता झाला घर." त्या फळ्या वाळवीने खाल्ल्या.

मी आले त्याच दिवशी संध्याकाळी ताराचा नवरा कृष्णनाथ उताराची दोन पिवळी प्लास्टिकची ठोकळी घेऊन आला. तीन पायऱ्यांची, चकचकीत. परदेशात लोक घरवाल्या गाड्या अशाच सपाट उभ्या करतात म्हणाला. त्याने ती पुढच्या चाकांसमोर नीट मांडली. वयनीने पदर खोचला, चालकाच्या जागेवर बसली आणि बस हळू पुढे घेतली. चाक टेकलं मात्र, डावं ठोकळं शेवाळावरून साबणासारखं सटकलं आणि थेट विहिरीच्या कठड्याला जाऊन आपटलं. उजवं चाकाखालीच राहिलं आणि कडकन वाजलं.

वयनी जनेलातून डोकं बाहेर काढून हसत सुटली. "जावयबापू, तुमची ठोकळी माझ्यापेक्षा घाबरट!"

कृष्णनाथही हसला. "मामी, जड गाड्यांची वेगळी मिळतात. मागवतो."

"मागव रे. तोसर मी काय पलंगाक धरून न्हिदू?"

दुसऱ्या दिवशी बाबली आला. हा भाटकाराचा माणूस. नारळ उतरवून घेणं, कोण कुठे काय बांधतो ते बघणं ही त्याची कामं. लहानपणी आमच्या अंगणात लगोरी खेळलेला, त्यामुळे बोलणं अगदी घरच्यासारखं. आल्या आल्या कदेल ओढून पाठ टेकून बसला, बसकडे पाहून चुकचुकला.

"वयनी, ह्या वयात अशा तिरक्या न्हिदान कंबर जातली. माझा आयका. चार कोपऱ्यांक चिऱ्यांचे चार खांब बांदा, बस तेंच्यावर बसवा आणि चाकां काडून ठेवा. नायतर टायर फुकट कुजतले."

"बरोबर सांगता तो," मी म्हणाले. मला खरंच पटलं होतं. चिरा म्हणजे आपल्या जमिनीचाच दगड, हलायचा नाही.

वयनीने उठून बाबलीला चहा दिला. तो फाटकापाशी पोचल्यावर मात्र तिथूनच हाक मारली, "बाबली! चाकां काडलंय की मगे ती गाडी रवात काय रे?"

बाबली वळला नाही, नुसता हात हलवून गेला.

"समाजला तुका?" वयनी माझ्याकडे वळली. "चाकां आसत तोसर गाडी. चिऱ्यांवर बसली काय बांदकाम. सकाळी खांब, सांजेक पंचायत. दगड तेचो, सल्लो तेचो, आणि मोडूक पण तोच येतलो."



"माका चढतां यायचा आणि उतरतां पण यायचा असा कायतरी व्हया," ती म्हणाली आणि उठून मागच्या पत्र्याच्या आडोशाकडे गेली. घराचं जे काही वाचलं होतं ते तिने तिथे रचून ठेवलं होतं. कौलं, चार वासे, एक जनेल. त्या सगळ्याच्या तळाशी दोन उंबरे. दोन्ही फणसाचे, पुढच्या दाराचा आणि मागच्या दाराचा. तिने मागचा उंबरा ओढायला घेतला.

"वयनी, ह्यां काय करतंस?"

"मेस्ताक बोलवतंय. एक टोक उतरता तासून घेऊया. पुढल्या एका चाकाक ह्यो, दुसऱ्याक तो."

"उंबऱ्यावर चाक चढवतलंस?" माझा आवाज चढला. "त्या उंबऱ्यावर कोणी बसला तरी आये ओरडायची. पाय लागलो तर नमस्कार करूक लावी. पुढल्या उंबऱ्यावरसून मी लग्नाक बाहेर पडलंय, तू आत इलंस. आणि आता तेच्यावर टायर?"

त्या मागच्या उंबऱ्यावर माझं सगळं बालपण आहे. गोवा मुक्त झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. पुढच्या दारी पुरुषांची गर्दी जमली होती, कुणीतरी फटाके आणले होते. मी घाबरून मागच्या उंबऱ्यावर जाऊन बसले आणि त्या दिवशी आई पहिल्यांदाच ओरडली नाही. माझ्या शेजारी येऊन स्वतःच बसली. पुढचा उंबरा सरळ, नुसता गुळगुळीत झालेला. मागचा मात्र मधोमध खोल झिजलेला. पाण्याच्या कळशा, शेणाच्या पाट्या, भाताची पातेली, सगळं त्या दारातून गेलं. पुढून पाहुणे येत, मागून बायका.

वयनीने उंबरा खाली ठेवला. त्या खोलगट भागावरून हात फिरवला.

"उंबरो घराक आसता, बाय. घर खंय आसा?" ती म्हणाली. "ह्यो हय पत्र्याखाली पडान रवलो तर वाळवी खातली. शंभूच्या फळ्यांक खाल्ल्यान तशी. माका तो पुजून ठेवचो नाय. माका तेच्यावर रवाचा आसा."

मी रुसले. खोटं कशाला बोलू? मेस्त आला, करवत चालली, तेवढा वेळ मी विहिरीपाशी पाठ करून बसले होते. फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा वाऱ्याने माझ्या पायांपर्यंत आला, तरी मी वळले नाही.

मागचा उंबरा झिजलेला, म्हणून त्या बाजूचं चाक थोडं खाली राही. वयनीने त्या उंबऱ्याखाली जुन्या टायरचा तुकडा घातला. बस पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे. परातीतलं पाणी बघितलं. टायरचा तुकडा काढून दुमडून परत घातला. शेवटी इंजिन बंद केलं, मागच्या चाकांना दगड लावले आणि मला हाक मारली नाही. मीच गेले. परातीत पाणी चारही कडांना सारखं होतं.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी बाबली परत आला तो पंचायतीच्या सेक्रेटरीला घेऊन. भाटकाराने तक्रार केली होती: मनाई असताना बांधकाम. सेक्रेटरी तरुण होता, बिचारा अवघडलेला. त्याने बसभोवती फेरी मारली, वाकून खाली पाहिलं.

"आजी, ही गाडी चालते का?"

"पासिंग आसा, लायसन आसा. आणि काय व्हया?"

"कागदां आसतली," बाबली म्हणाला. "साहेब, ती इंचभर हलची नाय. चुलीसकट घर आसा ह्या. पडदे बघा. परवा दसऱ्याक तोरण पण बांदतली."

"तोरण नाय रे, हार घालतलंय. तोरण बांदलंय तर तू फोटो काडशीत."

सेक्रेटरीला हसू आलं, ते त्याने खोकून लपवलं. "आजी, एकदा हलवून दाखवा. मला तसं लिहिता येईल."

वयनीने शेगडीवरचा टोप उतरवला, कपबशा पलंगावर उशीखाली ठेवल्या. मग कदेल बाहेर आणली आणि माझ्यापुढे धरली.

"बाय, गाडी उतरली काय हय बस. दोन उंबऱ्यांच्या मधी. मी येयसर उठा नको."

"आणि तू खंय चललंस?"

"पाव सपलेत."

मागच्या चाकांचे दगड तिने स्वतः काढले. इंजिन दोनदा खोकलं, बाबलीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तिसऱ्यांदा ते धडधडलं. बस मागे सरकली, आधी एक चाक, मग दुसरं, अलगद उंबऱ्यांवरून उतरली. वयनीने ती फणसाला वळसा घालून फाटकातून काढली. सेक्रेटरीने मागे सरून तिला वाट दिली. साडीचे पडदे हलत बस वळणापलीकडे गेली. थोडा वेळ आवाज येत राहिला, मग तोही थांबला.

मी कदेलवर बसले होते. माझ्या दोन्ही हातांना दोन उंबरे, आणि मधे नुसती तांबडी माती. आमचं माजघर इथेच कुठेतरी होतं. बस होती तोवर हे मला दिसलं नव्हतं. आता वर आभाळ, आणि खाली एवढीशी जागा. एवढ्याशा जागेत आम्ही आठ माणसं झोपत होतो.

"झाला," बाबली सेक्रेटरीला म्हणाला. "जागा मोकळी झाली. लिवा तसा. गेली ती." आणि बोलता बोलता तो उंबऱ्याकडे आला, त्याने पाय उचलला.

"बाबली!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आईचा होता तो.

"उंबऱ्याच्या भायर राव. घरात माणूस आसा."

त्याचा पाय तसाच अधांतरी राहिला, मग त्याने तो मागे घेतला. लाकडाच्या दोन तासलेल्या तुकड्यांमध्ये एक म्हातारी कदेलवर बसलेली. भिंत नाही, दार नाही. पण आमच्या दारात वाढलेला माणूस तो. त्याला तो उंबरा ओलांडता आला नाही. सेक्रेटरी माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानेही आपले बूट जरा मागे घेतले.

वयनी पाव घेऊन आली. आम्हाला वाटलं त्यापेक्षा उशिरा, कारण ती तुयेपर्यंत जाऊन आली होती. मी कदेल उचलून बाजूला झाले. तिने बस नाकासमोर सरळ आणली, न थांबता उंबऱ्यांवर चढवली आणि खाली उतरून सेक्रेटरीला म्हणाली, "पाव गरम आसत. चाय घेशात मा?"

त्याने घेतला. बाबलीनेही घेतला, उभ्या उभ्या. "वाहन, चालू स्थितीत," असं सेक्रेटरीने मोठ्याने म्हणत लिहिलं.

म्हणून काही दावा संपला नाही. बाबली पुन्हा येईल, भाटकार दुसरं काहीतरी काढेल. वयनी म्हणाली, येऊ दे, पाव आणखी संपतील.

दसऱ्याला सकाळी तिने बसला झेंडूचा हार घातला. तोरण नाहीच. मी हळदकुंकवाचं तबक घेतलं आणि गुडघे दुखत असताना चिखलात टेकले, पार बसच्या पोटाखाली वाकले. मागच्या दाराचा उंबरा तिथे, अंधारात. आमच्या आईच्या, आजीच्या, वयनीच्या पायांनी झिजून जो खळगा पडला होता, त्यात चाक बरोबर बसलं होतं. ते पुढे गेलं नसतं की मागे. चाकाच्या कडेने जेवढं लाकूड उघडं होतं तेवढ्यावर मी बोट टेकलं.

वर तवा चरचरला.

"बाय, ये," वयनीने हाक मारली. "ह्या बघ कसा गोल इला."