डब्याचा पुरावा

झोप होऊ नये म्हणून हॉटेलात खोली घेणारं कुटुंब जगात विरळाच. पण मोठ्या शहरातल्या त्या कानाच्या दवाखान्यातून फोनवर सूचनाच तशी आली होती. तपासणी दुपारी. डोक्याला वायरी चिकटवतात, कानात बारीकमोठे आवाज सोडतात, आणि हे सगळं मूल गाढ झोपेत असताना. तेव्हा मुलीला पहाटेच उठवा, दुपारपर्यंत तिचा डोळा लागू देऊ नका, गाडीत तर अजिबात नको. वाटेत झोप काढून आली आणि इथे टक्क जागी राहिली, तर पुढची तारीख तीन महिन्यांनी.

जिला झोपवण्यासाठी आईबापांनी दोन वर्षं घरभर येरझाऱ्या घातल्या, तिलाच आता जागं ठेवायचं होतं. तेही अशा इमारतीत, जिचा धंदाच मुळी माणसाला आडवं करण्याचा. जाडजूड पडदे, अंग गिळणाऱ्या गाद्या आणि घोट्यापर्यंत पाय रुतेल असा गालिचा. खोलीत गालिचा, बाहेरच्या बोळात गालिचा, लिफ्टमध्येसुद्धा गालिचा. लांबचा प्रवास आदल्या दिवशीच उरकून ते इथे उतरले होते. दवाखाना हाकेच्या अंतरावर नव्हता, पण त्यातल्या त्यात हेच हॉटेल जवळ होतं.

बाप विमा कंपनीचा सर्व्हेअर. जळालेल्या दुकानात जाऊन, जळण्याआधी त्यात विशेष काही नव्हतंच असं सिद्ध करणं हा त्याचा पेशा. समोरचा माणूस नुकसान झालं म्हणाला, की आधी मान नकारार्थी हलवायची आणि मग पुरावे बघायचे. ही सवय तो डबा-छत्रीबरोबर रोज घरी घेऊन यायचा. बायको बालवाडीत शिकवायची. आपली ठमी अजून एक शब्द बोलत नाही, हाकेला वळत नाही, असं ती कित्येक महिने सांगत होती. सर्व्हेअरने दावा फेटाळला होता.

त्याच्याकडे पुरावा होता. त्यांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, फळ्यांच्या जमिनीचं. ठमी पाठमोरी खेळत बसली, की हा मागून दबक्या पावलांनी जायचा आणि हातातला स्टीलचा डबा सोडून द्यायचा. डबा धाडकन पडला की ठमी वळून बघायची. दर वेळी. दर वेळी खालचे आजोबाही काठीने छत ठोकायचे. दोन-दोन साक्षीदार आहेत, असं सर्व्हेअर म्हणायचा.

"डबा पडला की बघते. हाक मारली की नाही बघत," बायको म्हणाली होती.

"हाक मारली की तू तरी कुठे बघतेस?"

बायको हसली नाही. तिने सरळ तपासणीची तारीख घेतली. सर्व्हेअरच्या आईने फोनवर आपला निकाल कळवला, की तूही असाच उशिरा बोललास, आणि सुरू झालास तो अजून थांबलेला नाहीस. हाही कागद त्याने फायलीला लावला. तपासणी झाली की प्रकरण कायमचं बंद होईल, असं तो येताना रस्ताभर सांगत होता. आतून खात्री नसलेला माणूस जितकं ठासून बोलतो, तितकं ठासून.

सकाळी खाली नाश्त्याला गेले तेव्हा हॉल अर्धवट झोपेत होता. टाय लावलेली माणसं टोस्टला लोणी लावतानाही मीटिंगमध्ये बसल्यासारखी दिसत होती. त्यात ठमीचा भाऊ, वय वर्षं पाच, शिरला. त्याला भोंगा हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलं होतं आणि घरच्यांना ते मान्य करावं लागलं होतं. जन्मल्यापासून त्याला एकच गोष्ट सांगण्यात आली होती, ती म्हणजे हळू बोल. आज आईने चक्क परवानगी दिली होती. बहिणीला जागं ठेवायचं, वाटेल ते कर. भोंग्याने चमच्याने ग्लास वाजवले, गाडीचा हॉर्न झाला, कुत्रा झाला, शेवटी रुग्णवाहिका झाला. टायवाले एकेक करून लांबच्या टेबलांवर गेले. ठमीने टोस्टचा कोपरा चोखला, डोळे चोळले आणि मान हळूहळू खाली नेली.

"झोपली, झोपली," बायको पुटपुटली आणि तिने ओल्या रुमालाने ठमीचं तोंड पुसलं. ठमी दचकून जागी झाली आणि नाराज चेहऱ्याने सगळ्यांकडे बघू लागली.

नाश्त्यानंतर फेऱ्या सुरू झाल्या. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लिफ्टने खाली, लिफ्टने वर. सर्व्हेअर मागून हाका मारायचा. ठमी पुढे चालत राहायची, बंद दारांवर हात फिरवत. झोप आली आहे, त्याने स्वतःला सांगितलं. नवीन जागा आहे. हट्टी आहे, आईवर गेली आहे. कारणं त्याच्याकडे भरपूर असायची, नोकरीच ती होती. पण एकदा बोळाच्या टोकाशी साफसफाईची गाडी भरधाव वळली, बाई ओरडली, भोंगा भिंतीला चिकटला आणि ठमी होती तशीच मधोमध चालत राहिली. सर्व्हेअरने धावत जाऊन तिला उचललं. बाई म्हणाली की पोरीला जरा कानउघाडणी करा. तो बरं म्हणाला.

खोलीत परतल्यावर बायको केस धुवायला बाथरूममध्ये गेली. ठमी पलंगाजवळ बसून हॉटेलच्या कागदी सपाता ओळीने लावू लागली. भोंगा तिच्या मागे उभा राहून गालिच्यावर जोरजोरात पाय आपटत होता. थोड्या वेळाने तो कंटाळून आला आणि त्याने तक्रार केली.

"बाबा, ही इथे ऐकतच नाही."

"झोप आलीय तिला."

"नाही. घरी पाय आपटला की लगेच बघते. मी नेहमी तशीच बोलावतो. इथे खाली सगळी गादीच आहे."

सर्व्हेअर हातातली चहाची पुडी तशीच धरून उभा राहिला. जळक्या दुकानात क्वचित एखादी वस्तू सापडते आणि सगळा अहवाल पहिल्या पानापासून फिरतो. तसं झालं. घरची जमीन फळ्यांची. डबा पडला की फळ्या हादरतात. खालच्या आजोबांपर्यंत जे जातं, ते वर बसलेल्या पोरीच्या बुडाला आधी पोचतं.

त्याने चहाच्या ट्रेमधली स्टीलची किटली उचलली, चमचा घेतला, गालिच्यावरून ठमीच्या मागे गेला आणि किटलीवर चमचा हाणला. मग आणखी जोरात. मग न थांबता. भोंग्याने कानांवर हात घेतले. बाथरूमचं दार उघडून बायको ओल्या केसांनी बाहेर आली आणि चौकटीतच थांबली. ठमीने सपातांची ओळ जरा सरळ केली.

फोन वाजला. तो ठमीच्या डोक्याशेजारच्या तिवईवरच होता आणि चांगला खणखणीत वाजत होता. ठमीने फोनकडे पाहिलं नाही. सर्व्हेअरने तो बराच वेळ वाजू दिला आणि मग उचलला. रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात क्षमा मागत बोलत होती, की आपल्या खोलीतून आवाज येतो आहे, शेजारच्या पाहुण्यांना तो ऐकू येतोय.

"बरोबर आहे," सर्व्हेअर म्हणाला. "त्यांना येत असेल."

त्याने फोन ठेवला. मग ठमीला उचलून लिहायच्या लाकडी टेबलावर बसवलं, तोंड खिडकीकडे. मागून टेबलावर मूठ आपटली. ठमी गर्रकन वळली. त्याला बघून हसली आणि आपला हात टेबलावर आपटून तिने उत्तर दिलं.

मी सांगत होते, असं बायको म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. ती म्हणाली नाही. केसांना टॉवेल गुंडाळून तिने पिशवीत दुधाची बाटली, लंगोट, जुने कागद भरले. सर्व्हेअरला काहीतरी बोलायचं होतं. आयुष्यभर त्याने पाहणीचे निष्कर्ष लिहिले होते, पण आता त्याला एक वाक्य जुळवता येईना.

"तू म्हणत होतीस ते," तो म्हणाला आणि थांबला.

"तपासणी व्हायची आहे अजून," बायको म्हणाली. "किती आहे, काय करता येतं, ते कळायला हवं. मोजे घाल तिला. आणि झोपू देऊ नकोस."

टॅक्सी दवाखान्याच्या दिशेने निघाली आणि दुसऱ्याच चौकात अडकली. गाडी आत गार होती, खिडकीतून ऊन मांडीवर पडत होतं. झोपेला याहून काय हवं असतं? ठमीची मान आईच्या दंडावर कलली. पापण्या मिटत, उघडत, मिटत चालल्या. बायको तिच्या तळपायाला गुदगुल्या करू लागली, पण ठमीने पाय ओढून घेतला. पुढची तारीख तीन महिन्यांनी, हे दोघांच्याही डोक्यात होतं. भोंगा सवयीने ओरडायला लागला, ठमे, ए ठमे, आणि मग त्याचं त्यालाच आठवून गप्प झाला. ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

सर्व्हेअरने ठमीला सीटच्या कडेवरून खाली सरकवून तिचे पाय गाडीच्या तळाला टेकवले आणि शेजारी आपला बूट आपटला. एकदा, दोनदा. ठमीने डोळे उघडले. आधी बुटाकडे पाहिलं, मग बापाकडे.

ड्रायव्हर वयस्क होता आणि बहुधा पुष्कळ घाबरट गिऱ्हाइकं पाहिलेला. "साहेब, ब्रेक माझ्याकडे आहे," तो आरशात बघत म्हणाला. "तुम्ही निवांत बसा."

"ब्रेक नाही दाबत," सर्व्हेअर म्हणाला. "मुलीला हाक मारतोय."

सर्व्हेअरने पुन्हा बूट उचलला.

"हळू," बायको म्हणाली. "गाडी त्यांची आहे."

आणि तिने आपला पाय त्याच्या पायाशेजारी आणून आपटला.