आत्याची शांतता

माझ्या हातचं श्रवणयंत्र आजवर कुणी परत आणलेलं नाही. फुशारकी नाही, खरं तेच सांगते. फक्त आत्याच्या वेळी वाटलं होतं की ही बया यंत्र माझ्या तोंडावर फेकणार.

आत्या नन आहे. मरणपंथाला लागलेल्यांच्या वॉर्डात चौदा वर्षं ती त्यांच्या उशाशी बसते. चार वर्षांपूर्वी तिचे कान गेले, पण तिला त्याचं काडीचंही दुःख नाही. उलट स्वारी खूश! "कान मिटले तशी प्रार्थना उघडली," म्हणायची. "एकदा तर मी उरलेच नाही गं. नुसता तोच होता." शेवटी तिच्या मठाच्या मदरनी बजावलं, यंत्र लावा नाहीतर वॉर्ड सोडा.

त्यामुळे ती माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत गाल फुगवून बसली. "ही शांतता देवानं दिलीय. तू काढून घेणार?"

"मी फक्त आवाज देते," मी तिच्या कानाशी ओरडले. "शांततेचं खातं माझ्याकडे नाही."

आपल्या यंत्राची बॅटरी बदलायला आलेले चाचा बाकावर हसले. चाचा सूफी. डोळे मिटून अल्लाचं नाव घेत बसले की त्यांना जेवणाचीही शुद्ध राहत नाही, अशी सुनेची कायमची तक्रार.

खुर्ची पुढे ओढून ते मोठ्याने म्हणाले, "सिस्टर, मीपण हे यंत्र आठ दिवस खिशात घालून फिरलो. मध्येच पंख्याची घरघर, सगळा विचका! मग गुरूंनी खडसावलं. म्हणाले, ज्याला शोधतोस तो काय फक्त तुझ्याशीच बोलतो?"

आत्याचे फुगलेले गाल खाली आले. तिला गप्प करणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. लगेच संधी साधून मी यंत्र बसवून टाकलं.

आठ दिवसांनी ती आली. डोळे सुजलेले.

"गेली ना शांतता?" मी विचारलं.

"गेली. कपड्यांची सळसळ, भांडी, स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं." ती बसली. "काल एक म्हातारी ओठ हलवत होती. असे कितीजणांचे ओठ पाहिले मी. प्रार्थना करतायत समजून हात धरायचे, आमेन म्हणायचे." तिला हुंदका आला. "ती पाणी मागत होती गं."

मी तिच्या हातात रुमाल दिला.

"खूप रडले. मग चमच्याने पाणी पाजलं. आणि ऐक, तेव्हा तो आला. भांडी आपटत होती, शेजारचा खोकत होता, तरी आला. अगदी पूर्वीसारखा. मी उरलेच नाही." तिने नाक पुसलं. "चाचांना सांग, तुमचे गुरू बरोबर होते."

मग कान माझ्यापुढे केला.

"आवाज अजून वाढव. कोपऱ्यातली खाट मला ऐकू येत नाही."