गॅदिंग्ज ब्रदर्स

"नको म्हटलं ना! टायर नको, कर्ज नको, विमा तर मुळीच नको. तुझ्या आईला विक जा!" मी फोन बंद केला आणि ब्रेडच्या डब्यात कोंबला.

"कोण गं?" लॉन्झेलने अंगणातून विचारलं.

"विमावाली. आज तिसऱ्यांदा."

"आपला विमा झालाय."

"तेच तर सांगते तिला!"

आमच्या धंद्याची ही एक गंमत आहे. मालवाहतुकीच्या परवान्यासाठी सरकारकडे अर्ज टाकला, की तुमचं नाव आणि फोन नंबर जगजाहीर होतो. मग गुळाला मुंगळे लागावेत तसे विक्रेते लागतात. तीन आठवडे सकाळी सातपासून फोन वाजत होता. कान किटले होते, पण खरं सांगते, मला मजाही येत होती. एकतीस वर्षं लॉन्झेलने, माझ्या नवऱ्याने, स्वतःच्या ट्रकच्या दारावर दुसऱ्यांची नावं लावून माल वाहिला. आता आमचं नाव लागणार होतं.

लागणार कसलं, लागलंच होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! परवाना यायच्या आधीच पिवळ्या रंगात रंगवून घेतलं त्याने, 'गॅदिंग्ज ब्रदर्स, वेस्ट मेम्फिस'. हे नाव त्याने आणि धाकट्या वर्डेलने पोरवयात ठरवलेलं. दोघं एकाच ट्रकवर, एक चालवायचा तेव्हा दुसरा मागे झोपायचा. निघताना कोपऱ्यावर भोंगा दोनदा वाजायचा, एक याचा, एक त्याचा. शेजारची ओपल शिव्या घालायची. फेब्रुवारीत वर्डेल गेला.

सोमवारी शिकागोला रताळी न्यायची होती, आमच्या नावावरचा पहिला माल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत परवाना आला नाही, तर तो दुसऱ्याला जाणार होता. आणि शुक्रवारी सकाळी संगणकावर अजून 'परवानगी नाही'च होतं.

लॉन्झेलने सरकारी कार्यालयात फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर माणूस आला. "तुमच्या विमा कंपनीचा कागदच आलेला नाही," तो म्हणाला.

लॉन्झेलने माझ्याकडे पाहिलं. मी ब्रेडच्या डब्याकडे पाहिलं.

"अर्लीन, त्या विमावालीचं नाव काय होतं?"

"टॅलमेज का काहीतरी."

"अगं बाई, तीच आपली विमावाली!"

ओव्हनमधून नुकतीच काढलेली पेकन पाय, सुक्या मेव्याचा गोड केकच म्हणा, मी तशीच उचलली आणि गाडीत बसले. मिस टॅलमेजच्या टेबलावर ती ठेवताना लाजेने माझी मान वर होईना.

"आईला विचारलं मी," ती शांतपणे म्हणाली. "तिला विमा नकोय. ही पेकन पाय मात्र चालेल."

लॉन्झेल खो खो हसला. तिने कागद पुढे सरकवला.

"अकरा फोन केले तुम्हाला. एवढंच हवं होतं. इथे चालक दोन लिहिलेत. दुसऱ्यांचं लायसन्स कुठंय?"

लॉन्झेलचं हसू विरलं.

"वर्डेल. भाऊ माझा. तो फेब्रुवारीतच गेला."

"पण अर्ज तर ऑगस्टमधला आहे."

"हो," तो म्हणाला. "लिहिताना हात आपसूक गेला."

सात महिने एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. त्याचं अगदी बरं चाललंय, असं मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगत होते. मला स्वतःची शरम वाटली.

त्याने 'दोन' खोडलं आणि 'एक' लिहिलं. एवढ्याशा आकड्याला त्याला फार वेळ लागला. सही करून त्याने विचारलं, "मग दारावरचं नावही पुसावं लागेल?"

"कशाला?" मिस टॅलमेज म्हणाली. "फर्म त्याच नावाने नोंदलीय. भाऊ किती, ते सरकार मोजत नाही."

तिने आमच्यासमोरच कागद सरकारकडे पाठवला. साडेचारला संगणकावर 'परवानगी आहे' झळकलं, आणि लॉन्झेलने मला स्वयंपाकघरात अशी गरागरा फिरवली की ओपल खिडकीत आली. "पासष्टीला आलास, मेल्या!" ती ओरडली. आम्ही तिलाही आत ओढलं.

सोमवारी सकाळी रताळी भरायला ट्रक निघाला. मी पायरीवर उभी होते, ओपल तिच्या पायरीवर. कोपऱ्यावर भोंगा वाजला.

एकदाच वाजला. ट्रक वळू लागला.

मग दुसऱ्यांदा वाजला, चांगला लांब. नेहमीच्या शिवीऐवजी ओपलने हात हलवला.