हात लावू नका

सासरे सुतार, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. सून जळालेल्या विजेच्या मोटारी नव्यानं तार गुंडाळून बांधायची, पंप-मिक्सर दुरुस्त करायची. दोघांचं चांगलं जमायचं. वाजायचं ते फक्त एका ड्रिल मशीनवरून. लोखंडी अंगाचं ते जुनं मशीन, मुळाशी वायर सोललेली. अर्थिंगची पिन बोर्डात बसेना म्हणून मिस्त्रींनीच ती मोडून टाकली होती.

"बाबा, मी वायर बदलेपर्यंत हे वापरायचं नाही," तिनं बजावलं होतं.

"अगं, ते ओळखतं मला," मिस्त्री हसले होते.

रविवारी दुपारी मागच्या अंगणातून तोच आवाज आला. न्हाणीघराच्या दाराला बिजागरी बसवत असणार. चार शब्द सुनवावेत म्हणून सून उठली आणि दारातच थबकली. भोक पाडताना मशीन अधूनमधून थांबतं, दमानं घेतं. हे एका सुरात नुसतं ओरडत होतं.

मिस्त्री ओल्या फरशीवर अनवाणी उभे होते. उजव्या मुठीत मशीन, डावा हात नळाच्या पाइपावर. दोन्ही मुठी गच्च आवळलेल्या. डोळे सताड उघडे, पण तोंडातून शब्द नाही.

"अहो! असे काय करताय?" स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आल्या.

"आई, हात लावू नका! करंट आहे!"

त्या ऐकण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. त्यांचा हात नवऱ्याच्या खांद्यापासून वीतभर उरला, तेवढ्यात सुनेनं कमरेला विळखा घालून त्यांना मागे खेचलं, स्वयंपाकघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

दार धडधडू लागलं. "उघड! माझा माणूस मरतोय तिथं! कैदाशिणी, उघड!"

मशीनची वायर खिडकीतून कामाच्या खोलीत गेली होती. सून तिकडे धावली. बोर्ड आणि मेन स्विच एकाच भिंतीवर, आणि त्यांच्यापुढे उभ्या करून ठेवलेल्या माणसाएवढ्या फळ्या. तिनं पहिली ओढली, ती पायावर आली. दुसरी हलेना. मग फटीतून खांद्यापर्यंत हात घातला. बोटं भिंत चाचपत राहिली. मशीन ओरडतच होतं. शेवटी बोटांना मेन स्विचचा दांडा लागला आणि तिनं तो सगळा जीव लावून खाली ओढला.

आवाज उतरत उतरत बंद झाला. अंगणात काहीतरी धप्पकन पडलं.

मिस्त्री आडवे झाले होते. छाती हलत नव्हती. ती गुडघ्यांवर बसली, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवला आणि दाबायला लागली. पूर्वी कारखान्यात कामाला होती, तिथं शिकवलं होतं. कडी चार पावलांवर होती. तेवढाही वेळ तिच्याकडे नव्हता.

"एक, दोन, तीन, चार..."

मोजणं ऐकून दारावरचे धक्के थांबले. आतून बारीक आवाज आला, "श्वास आहे का गं?"

"नाही. आई, खिडकीतून शिंप्याला हाका मारा! रुग्णवाहिका बोलवायला सांगा!"

एरवी चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या सासूबाईंनी अशी हाक दिली की शेजारचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट फोन कानाला लावून धावत आला. त्यानंच कडी काढली. सासूबाई बाहेर आल्या, पण नवऱ्याला शिवल्या नाहीत. सुनेकडे बघत राहिल्या.

"आता लावू का हात?"

"लावा. डोकं धरा."

तिचे हात भरून आले होते. तीसपर्यंतचं मोजणं चौथ्यांदा चाललं होतं, तेव्हा मिस्त्रींच्या घशातून घरघर निघाली आणि छाती आपली आपण वर आली.

आठवड्यानं ते घरी आले. तळहात भाजलेला, दोन बोटं वळत नव्हती. रंधा आता पूर्वीसारखा चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते बराच वेळ त्या बोटांकडे बघत बसले. मग सुनेला म्हणाले, "हिला कोंडलंस म्हणे?"

"हो, बाबा."

"चाळीस वर्षांत मला जमलं नाही ते!"

सासूबाई हसल्या नाहीत. आठवडाभर त्या सुनेशी कामापुरतंच बोलल्या होत्या. आता उठून कामाच्या खोलीशी गेल्या.

"तो दांडा कुठं असतो, दाखव मला."

सुनेनं दाखवला. त्यांनी स्वतःच्या हातानं तो खाली ओढला, वर केला, परत खाली ओढला. आतून मिस्त्री ओरडले, "अरे, पंखा का बंद झाला?"

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे न बघता, "मला ढकललंस ते मी विसरणार नाहीये."

"नका विसरू, आई."