मॉनिटरवरचा काळा ठिपका

बाळ झोपल्यावर मी कॉम्प्युटर लावला, तर जुन्या मॉनिटरच्या कोपऱ्यात काळा ठिपका. केबल काढून पुन्हा खोचली, रंग बदलून पाहिले, पण ठिपका तिथेच. मॉनिटर गेला तर कोथरूडच्या प्रकाशकाचं मुद्रितं तपासायचं कामही जाणार होतं. माझा संशय सासूबाईंवर होता. त्या मॉनिटरला खवचटपणे ‘तुझं थोरलं’ म्हणायच्या, आणि सकाळी तो पुसलाही त्यांनीच होता.

“आई, याला काही केलंत का?”

“केलं ते त्याच्या भल्याचंच केलं.”

मी धास्तावून ठिपक्यावर बोट घासलं. बोटाला बाळाचं काजळ लागलं.

“पुसलीस ना तीट?” त्या म्हणाल्या. “दिवसभर टक लावून बघतेस त्याच्याकडे. तुझीच दृष्ट लागायची.”