रिकामी करून दाखवा

केडगावच्या मच्छिंद्र गायक्यांनी नवी रायफल घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने त्यांना एकेक कारण पुरवलं. मुलगी अश्विनी म्हणाली, जुनी आता फारच जुनी झाली. जावई म्हणाले, तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलंय. बायको गीताबाई म्हणाल्या, माणसाला कसला तरी नाद हवाच. खरं कारण त्यांच्या उजव्या मनगटाखाली लोंबत होतं, पण तिकडे बघायचं नाही असा ठराव त्या घरात न बोलता पास झाला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना झटका येऊन गेला. तोंड सरळ झालं, बोलणं जागेवर आलं, पायही जरासा ओढत चालू लागला. उजव्या हाताची पकड मात्र गेली ती गेली. बोट वाकायचं, चाप दाबता यायचा, पण चहाचा कप उचलायला डावा हात लागायचा. घरात याला ‘थोडा अशक्तपणा’ म्हणत. आलागेला पाहुणाही चार दिवसांत हा शब्द शिकून घ्यायचा.

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात शेतकी अधिकारी म्हणून मच्छिंद्ररावांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर कुणी देवस्थानच्या ट्रस्टवर जातं, कुणी भावकीच्या भांडणात रमतं. त्यांनी रविवारची नेमबाजी धरली. तिसगावच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका दगडखाणीत रीतसर मंजुरी घेऊन चालवलेली रेंज होती. तिथे पाच-सात मंडळी जमायची, कागदी टार्गेटवर पॉइंट टू-टूच्या गोळ्या झाडायची, एकमेकांच्या नेमाची यथेच्छ टिंगल करायची आणि परतताना वाटेवरच्या करंजी गावात भजी खाऊन घरी जायची. यात पदक नव्हतं, शिकार नव्हती, बायकोला पटवून सांगावा असा काडीचा उपयोगही नव्हता. तरी आठवड्यातली तेवढी एक सकाळ मच्छिंद्ररावांना आपली स्वतःची वाटायची.

झटक्यानंतर ते रेंजवर जात होते, पण खुर्चीवर बसून चहा प्यायला. जुन्या रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा खटका, दर गोळीला मुठीत धरून उचलायचा, मागे ओढायचा, पुढे सारायचा. ती मूठच आता वळत नव्हती. मंडळी मोठी प्रेमळ. त्यांना सावलीतली खुर्ची द्यायची, पहिला कप द्यायची, आपली टार्गेटं आणून दाखवायची. मच्छिंद्रराव ‘वा, वा’ म्हणायचे आणि आतून जळायचे. त्यांना पुन्हा बाकापाशी बसून नेम धरायचा होता, बाकी त्यांचं आयुष्याकडे काहीही मागणं नव्हतं.

सेमी-ऑटोमॅटिकचा विचार आला तो यातून. एकदा दांडा ओढून पहिली गोळी चढवली की पुढच्या आपसूक चढतात, माणसाने फक्त चाप दाबत राहायचं. पॉइंट टू-टूमध्ये अशी रायफल त्यांच्या परवान्यावर बसत होती. कलेक्टर कचेरीतून जुनी विकायची आणि नवी घ्यायची परवानगी आली, तसे बापलेक पुण्याच्या दुकानात पोहोचले.

अश्विनीचं औषधांचं दुकान होतं. कुठलीही वस्तू घ्यायची तर ती आधी मोबाईलवर तिची सात पिढ्यांची चौकशी करायची. दुकानदाराने काउंटरवर दोन रायफली मांडल्या. एक काळी, सडपातळ, बघताक्षणी आवडेल अशी. दुसरी जाडजूड, ओबडधोबड, तिच्या अंगावरचा दांडा पान्याच्या दांडीसारखा लांब बाहेर आलेला.

“पप्पा, काळीच घ्या,” अश्विनी म्हणाली. “सगळे हिचंच नाव घेतात. हजारो गोळ्यांत एखाद्या वेळी अडकते, बस. आणि नेम तर विचारूच नका. दुसरीच्या गोळ्या पसरतात.”

“ताईंनी अभ्यास केलाय,” दुकानदार म्हणाला. “साहेब, बघा तुम्हीच दांडा ओढून.”

मच्छिंद्ररावांनी रायफल खांद्याला लावली, डाव्या हातावर तोलली, भिंतीकडे रोखून चाप दाबला. चाप मऊ होता. दांडा मात्र बारीक, चिमटीत धरायचा आणि स्प्रिंग कडक. त्यांचा उजवा हात तिथवर गेला आणि थांबला. अश्विनीने झटकन पुढे होऊन दांडा ओढला. “किती सोपा आहे,” ती म्हणाली. मच्छिंद्ररावांनी मान डोलावली आणि काळी पक्की झाली. अशा रीतीने बापाच्या हाताची रायफल लेकीच्या हाताने पारखली गेली आणि तिघांनाही ते सोयीचं वाटलं.

एक अडचण उरली होती, तिचं नाव काकासाहेब पालवे. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला हा गडी रेंज चालवायचा. त्याचा कायदा असा, की प्रत्येकाने आपली बंदूक स्वतः रिकामी करून दाखवायची. दांडा ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, उघडं दाखवलं की तो ‘रिकामी’ म्हणून ओरडणार, मग ‘भरा’ म्हणणार. दुसऱ्याने हात लावलेला त्याला खपत नसे. “जिला सोडवता येत न्हाई तिला भरायचं न्हाई,” तो म्हणायचा. एकदा एका बड्या कंत्राटदाराला त्याने याच कारणाने परत पाठवलं होतं आणि वर करंजीच्या भज्यांचे पैसेही त्यालाच द्यायला लावले होते.

यावर अश्विनीने युक्ती काढली. रायफलचा बोल्ट मागे ओढून खिटीने अडकवून ठेवता येत होता. घरून ती तशीच उघडी न्यायची. सुभेदार बघतील, चेंबर उघडं दिसेल. गोळ्यांचं मॅगझिन घातलं की अंगठ्याने खिटी सोडायची, बोल्ट आपोआप पुढे जाईल. दांडा ओढायचं कामच नाही. मच्छिंद्ररावांना हे ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी लेकीला बक्षीस म्हणून आइस्क्रीम खाऊ घातलं. लबाडी आहे हे दोघांनाही कळत होतं.

मध्ये दसरा आला. गीताबाई तिसगावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. माहेरी नांगराच्या फाळापासून विळ्यापर्यंत सगळ्याची पूजा व्हायची, इथे कार, मिक्सर आणि यंदा रायफल. मच्छिंद्ररावांनी ती शिस्तीप्रमाणे पाटावर उघड्या बोल्टने ठेवली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला रिकामी असल्याचं दिसावं. गीताबाईंनी तिला आपट्याची पानं वाहिली, झेंडूची माळ घातली, जिथे जिथे मोकळी जागा दिसली तिथे मनापासून हळद-कुंकू लावलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. रायफलच्या अंगावर सगळ्यात मोठी मोकळी जागा कुठली, हे सांगायला नको.

“पुसू नका हं आज,” त्यांनी बजावलं. “दसऱ्याचं कुकू हाय.”

मच्छिंद्ररावांनी दुसऱ्या दिवशी फडक्याने बाहेरून पुसलं. आतून साफ करायचं तर खोलावी लागते, आणि खोलायला दोन हात लागतात. तेवढ्यासाठी लेकीला बोलवायचं त्यांना जड गेलं. बाहेरून लख्ख दिसत होती, ते पुरेसं आहे असं त्यांनी मनाला सांगितलं.

रविवारी गीताबाईही आल्या. माहेर जवळ, शिवाय नवरा पुन्हा नेम धरणार म्हणून त्यांनी नवं लुगडं काढलं होतं. मंडळींनी टाळ्या वाजवून स्वागत केलं. सुभेदारांनी बाकावर वाकून उघडं चेंबर पाहिलं, मच्छिंद्ररावांच्या तोंडाकडे पाहिलं, क्षणभर जास्तच पाहिलं.

“रिकामी,” ते ओरडले. “भरा.”

पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. रायफलचा तो हलका धक्का खांद्याला बसला तसं मच्छिंद्ररावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि टार्गेट धूसर झालं. तिसऱ्यांदा चाप दाबला, तर काहीच नाही. बोल्ट अर्ध्यात थांबला होता आणि गोळी तोंडाशी तिरकी अडकली होती.

आता दांडा ओढायला हवा होता. त्यांनी उजवा हात नेला, चिमूट दांड्यावरून घसरली. पुन्हा नेला, पुन्हा घसरली. डावा हात वरून घालायला गेले, तशी नळी बाजूला वळू लागली.

“नळी फुडं!” सुभेदार गरजले.

त्यांनी नळी सरळ केली. अश्विनी बाकावरून उठली, पण सुभेदारांनी तिच्याकडे न बघताच तळवा वर केला. मच्छिंद्ररावांच्या मानेवरून घामाची धार खाली उतरत होती. मागे माणसं उभी होती, बायको उभी होती, आणि त्यांना त्या सगळ्यांच्या दयेचा मनस्वी राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

“सुभेदार,” ते म्हणाले, “माझा हात चालत नाही. रिकामी करून द्या.”

सुभेदारांनी पुढे होऊन मॅगझिन काढलं, दांडा ओढला, गोळी बाहेर पाडली. मग चेंबरमध्ये बोट फिरवून बोट उन्हात धरलं.

“ह्ये काय? हळद हाय का काय?”

आधी कुणाला समजलं नाही, मग सगळ्यांना एकदमच समजलं. गीताबाईंनी तोंडावर पदर धरला. “अगं बाई! माज्याच हातानं झालं की ह्ये!” हसण्याचा मोठा फुगा फुटला. बंदुकीला नवरी केली म्हणत कुणी सुभेदारांच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. दोष हळदीचा निघाला, हाताचा नाही. धुऊन काढायची, पुढच्या रविवारी पुन्हा यायचं, आणि ‘हात चालत नाही’ हे कुणीच ऐकलं नाही असं समजायचं.

“हळद निघेल,” मच्छिंद्रराव हसण्यात सामील न होता म्हणाले. “अडकली तेव्हा मला सोडवता आली नाही. उद्या मातीने अडकेल. ही माझ्या कामाची नाही.”

हसणं थांबलं. सुभेदारांनी रायफल उघडी करून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवशी करंजीला भजी कुणाला गोड लागली नाहीत.

घरी जाताना गाडीत गीताबाईंनी खिडकीची काच वर केली. मग त्या म्हणाल्या, “तुमचा हात गेला त्याचं मला लई वाईट वाटतंय. रोज वाटतंय. तुमास्नी वाईट वाटंल म्हून बोलत नव्हते.”

“मीही म्हणूनच बोलत नव्हतो,” मच्छिंद्रराव म्हणाले. अश्विनी गाडी चालवत होती. घाटाचं वळण संपेपर्यंत तिने दोनदा डोळे पुसले.

रायफल बदलायला पुन्हा कचेरी, पुन्हा परवानगी. दिवाळी होऊन थंडी पडली, तेव्हा ते दुकानात गेले. यावेळी मच्छिंद्ररावांनी आधी उजवा हात काउंटरवर ठेवला, वस्तू ठेवावी तसा. “या हाताला पकड नाही. चाप दाबतो तेवढाच. आता मला दाखवा.”

दुकानदार ओशाळला. “साहेब, हे तेव्हाच सांगायचं ना,” तो म्हणाला, आणि बोलण्याची पद्धतच बदलली. नेम, नाव, रूप सगळं बाजूला पडलं. जाडजूड रायफलचा दांडा डाव्या बाजूला बसवून घेता येत होता. तो चिमटीत धरायचाही नव्हता, लांब असल्यामुळे डाव्या हाताचा तळवा अडकवून मागे खेचता येत होता. मागचा दस्ता काखेत दाबायचा, नळी समोर, आणि खेचायचं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा अर्धा आला. दुकानदाराने मदतीला हात पुढे केला, तो अश्विनीनेच मागे सारला. मच्छिंद्ररावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि दुकान बंद व्हायची वेळ होईपर्यंत तेच करत बसले.

“पप्पा, हिच्या गोळ्या पसरतात,” अश्विनी अखेर म्हणाली, पण आता सवयीने.

“पसरू दे. माझ्या कुठे एका जागी पडायच्या?”

त्यानंतर घरी रोज संध्याकाळी तो खडखडाट सुरू झाला. रिकामी रायफल, भिंतीकडे तोंड, तळवा अडकवायचा, खेचायचं, सोडायचं. गीताबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. मध्येच खडखडाट थांबला की त्यांचा पोळी लाटायचा हात थांबायचा.

रेंजवर ते परत गेले तेव्हा खाणीत धुकं होतं. यावेळी त्यांनी रायफल बोल्ट मिटवून आणली. खिटीचा आधार नको, असं त्यांनी आदल्या दिवशीच लेकीला सांगितलं होतं. बाकावर बसले. सुभेदार शेजारी येऊन हात मागे बांधून उभे राहिले.

“रिकामी करून दावा, साहेब.”

मच्छिंद्ररावांनी दस्ता काखेत घेतला. डावा तळवा दांड्यावर गेला, थंडीने बधिर झाल्यामुळे निसटला. शेजारच्या बाकांवर गोळ्या झाडून झाल्या होत्या. माणसं टार्गेटं आणून पुढच्या ‘भरा’ची वाट बघत थांबली होती. कुणी चहा पुढे केला नाही, कुणी ‘राहू द्या’ म्हटलं नाही. त्यांनी तळवा मांडीवर चोळला, पुन्हा अडकवला. नळी समोर होती, हलली नाही. त्यांनी दात आवळले आणि खेचलं. बोल्ट मागे आला, खिटीत बसला. आतून स्वच्छ, कोरं चेंबर थंडीत उघडं पडलं.

सुभेदारांनी वाकून आत पाहिलं. करंगळी घालूनही पाहिलं, नेहमीप्रमाणे, रतीभरही कमी-जास्त नाही. मग ताठ उभे राहून सगळ्या खाणीला ऐकू जाईल असे ओरडले, “रिकामी!”

मच्छिंद्रराव धापा टाकत होते. सुभेदारांनी मान झुकवून, फक्त त्यांनाच ऐकू येईल इतक्या हळू म्हटलं,

“भरा, साहेब.”