तिसरा खडा

समजा, तुमच्या उघड्या तळहातावर कुणी एक पाते ठेवले आहे. बोटाएवढेच, पण कडुनिंबाच्या पानासारखे किंचित वाकलेले. आता मूठ मिटा. कडेगावच्या हौसाने अशीच मूठ मिटली आणि लालासाहेबमामाकडे पाहिले.

“गार हाय की वो, मामा.”

“इलायती इमानाच्या इंजनातलं हाय. चीर गेली म्हणून काढलं. अशी पाती चाकाभोवती गोल बसवत्यात. आत जाळ पेटला की निखाऱ्यावानी लाल हुत्यात, तरी फिरत ऱ्हात्यात.”

“आन् म्होरचा पंखा?”

“पंखाच न्हाई! मागनं नुसता जाळ, आन् इमान फुडं.”

हौसाने मूठ कानाशी नेली. तिला वाटले, आत अजून काही घुमत असेल.

स्वातंत्र्याला नुकतेच वर्ष झाले होते. मामा बंगळूरला लष्करी विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. बहिणीकडे दोन दिवस आला खरा, पण त्याचे जेवणात लक्ष नव्हते. परत गेल्यावर त्याला वरिष्ठांना सांगायचे होते की कोणते काम आधी घ्यायचे.

“मूठभर दाणं आण,” तो म्हणाला. “दाणं म्हंजी माझी माणसं.”

हौसा आत पळाली आणि दुसऱ्या मुठीत जोंधळा घेऊन आली. मामाने सारवलेल्या ओट्यावर तीन खडे मांडले.

“ह्यो पयला, आज उडत्यात त्या इंजनांची दुरुस्ती. दुसरा, त्याच इंजनांची ताकद वाढवायची. तिसरा, तुझ्या मुठीतल्या पात्याचं नवं इंजन आपण बनवायचं.”

त्याने बरेचसे दाणे पहिल्या खड्याशी लोटले. उरलेले दुसऱ्याशी. तिसरा खडा उघडाच राहिला.

“ह्याला कोण न्हाई?”

“आधी उडणारी पोरं सुखरूप खाली याय पायजेत, हौसे. हे इंजन जमायला धा वर्सं लागतील. जमलं तर.”

बोलता बोलता त्याने हात झटकले. तळव्यांना राख लागली होती.

तेवढ्यात चंद्राबाई, हौसाची आई, बाहेर आली. दाणे पाहून तिने कपाळाला हात लावला.

“आगं सटवे! पेरणीसाठी राखंत ठेवलेलं बियाणं आणलंस व्हय?”

“त्येच मडकं हाताला लागलं,” हौसा पुटपुटली.

“दाणंच हायती की, आक्का,” मामा म्हणाला.

“बंगळूरला जाऊन इसरलास व्हय रं लाला? ल्हानपणी दुष्काळात आपल्या आबांनी आपल्याला कण्या पाजल्या, पर बियाण्याच्या मडक्याला हात लावू दिला न्हाई. तू तर मडक्याम्होरं बसून रडायचास!”

चंद्राबाई आत गेली. मामा पुन्हा ओट्यावर वाकला. मग त्याने पहिल्या ढिगातला एक दाणा उचलला, परत ठेवला. पुन्हा उचलला. एकेक करून चिमूटभर दाणे तिसऱ्या खड्याशी गेले. पहिला ढीग जिथे कमी झाला, तिथे त्याचे बोट थांबून राहिले.

“एवढीच माणसं?” हौसाने हळूच विचारले.

“एवढी तरी.”

आतून आईची हाक आली. हौसाने सगळे दाणे दुसऱ्या मुठीत भरले, आत नेऊन मडक्यात सोडले. मग मूठ उघडून पात्याकडे पाहिले, ते दाण्यांबरोबर राखेत खोचले आणि मडक्यावर झाकण ठेवले.